वर केली, काका

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ही वही मी हौसेने घेतलेली नाही. बोट बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर तुषार ठाण्याला बसतो, वय माझ्या निम्मं. तो फोनवर म्हणाला, "देवजीकाका, गियर नेमका केव्हा अडतो, थंड इंजिनला की गरम, ते रोज लिहून ठेवा. मग बघू." लॉगबुक आहे, पण त्यावर बोट चालवणाऱ्या संस्थेचे लोक सह्या करतात. तिथे 'बोट सुस्थितीत' एवढंच लिहायची पद्धत आहे. म्हणून मोखाड्याहून ही दोनशे पानी आणली. दुकानदाराला वाटलं नातवासाठी नेतोय.

तर तक्रार अशी. दांडा पुढे ढकलला की बोट पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये न्यूट्रल. पण आठवडाभर पुढच्या गियरमधून न्यूट्रलला आणताना दांडा जड लागतो, आणि दोनदा इंजिनच बंद पडलं. तेही धक्क्याला लागायच्या जरा आधी, जिथे बंद पडून चालतच नाही. बोटीला ब्रेक नसतो. रिव्हर्स हाच ब्रेक.

चौतीस वर्षं जव्हारच्या डेपोत एसटीच्या गाड्या उघडल्या आणि मिटल्या. रिटायर झालो आणि एप्रिलपासून इथे, धरणाच्या पाण्यावर, चालक आणि मिस्त्री दोन्ही. या बोटीचं इंजिन आत, मागच्या बाजूला, आणि पंख्याचा भाग बाहेर पाण्यात लोंबतो. कंपनीचं त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. आम्ही शेपटी म्हणतो. बटण दाबलं की शेपटी पाण्याच्या वर उचलली जाते. शेपटीवाली गाडी या वयात नशिबी येईल असं वाटलं नव्हतं.

आज थंड इंजिनला दांडा जड. गरम झाल्यावर तेवढाच जड. प्लग साफ केले, फरक नाही. संध्याकाळी शेपटी वर केली, ताडपत्री टाकली, खोलीवर आलो. कंबर बोलतेय.

१० नोव्हेंबर

आज पाळी नवशीची. धरण भरलं तेव्हा वडपाडा पलीकडे राहून गेला. पाण्यावरून वीस मिनिटं, डोंगराला वळसा घालून चालत तीन तास. नवशी तिथलीच. नवरा गेला, एक मुलगी आहे बाळी, तिसरीत, रोज याच बोटीने अलीकडच्या शाळेत येते. संस्थेने नवशीला चालक म्हणून घेतलं आणि मला सांगितलं, शिकवा. एक दिवसाआड तिची पाळी असते आणि त्या दिवशी बोट मुक्कामाला पलीकडे राहते. सकाळची पहिली फेरी आदल्या दिवशीच्या चालकाने करायची आणि मग बोट दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची.

शिकली लवकर, हे मान्य करायला हवं. धक्क्याला बोट लावते तेव्हा कडेच्या टायरला टेकल्याचंही कळत नाही. काही बाया तिच्या पाळीची वाट बघून बाजाराला निघतात, असं कानावर आलं. मला त्याचं काही नाही.

पण शिस्त नाही. ऑक्टोबरात एकदा पलीकडे मुक्कामाला राहिलो, सकाळी बघतो तर रात्रभर शेपटी पाण्यातच! सगळ्यांसमोर बोललो. डेपोत गाडी चार दिवस उभी राहणार असली तर आम्ही तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवायचो, स्प्रिंगच्या पाट्यांवर भार नको म्हणून. घरी नांगर आढ्याला टांगतो. उभ्या वस्तूला आराम द्यायचा, हे हिला कोण सांगणार? ती म्हणाली, "काका, ती खाली राहिली का सकाळी दांडा हलका लागते." म्हटलं, बोटीला काय पाय चेपून द्यायचेत का? सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

तेव्हापासून नियम केलाय. तिच्या पाळीला संध्याकाळी तिने मला फोन करून सांगायचं. आजही आला. "वर केली, काका." एवढंच बोलते आणि ठेवते.

१३ नोव्हेंबर

तुषारचं म्हणणं, इंजिनवरचं झाकण काढा, गियरची केबल तिथल्या पट्टीवरून सोडवा आणि हाताने ओढून बघा. दांड्याकडची बाजू जड आहे की शेपटीकडची, लगेच कळेल. दोन तासांचं काम, तेही पालथं पडून. माझ्या कंबरेला सांगून बघितलं, तिने नकार दिला. शिवाय काय झालंय ते मला दिसतंय. केबल ताणली गेलीय. नट एक आटा फिरवला, दांडा सुधारला. चौतीस वर्षं उगाच नाही घालवली.

बोटीच्या तळाशी चार मग पाणी निघालं. नवशीला विचारलं, काल धुताना सांडलंस का? "मी धुतलीच नाय काका." मग काय आभाळातून पडलं? नोव्हेंबर आहे.

संध्याकाळी शेपटी वर केली.

१६ नोव्हेंबर, रविवार. साखरशेत

घरी आलो. भात झोडून झालंय, नाचणीची कणसं अंगणात पसरलीत. बायकोने, कमूने, चहा दिला आणि म्हणाली, "त्या पोरीला शिकवून झाली का तुम्ही घरी येणार होतात. झाली का शिकवून?"

म्हटलं, अजून कच्ची आहे. माझा करार एकतीस डिसेंबरपर्यंत आहे, संस्था वाढवून देईल. तिला एकटीला बोट देणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ.

"गेल्या महिन्यात बोलत होतात, धक्क्याला लय मस्त लावते."

बायकांना नको ते बरोबर लक्षात राहतं. मी नाचणीची टोपली उचलून आत ठेवली. चाळीस किलोला दम लागला. सत्तावन्न-अठ्ठावन्नपर्यंत काही वाटत नव्हतं. आता सकाळी उठल्यावर आधी बसून राहतो, मग उठतो. पण घरी राहून करायचं काय? अंगणातली कोंबडी हाकलत बसायचं?

१८ नोव्हेंबर

दांडा पुन्हा जड. अजून एक आटा. तळाशी सहा मग पाणी. उद्या पाळी तिची.

१९ नोव्हेंबर

आज वाईट झालं.

सकाळची दुसरी फेरी नवशीच्या हातात, चौदा माणसं. मी अलीकडच्या धक्क्यावर उभा होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं. नेहमीसारखी सरळ आली, वेग कमी केला, दांडा न्यूट्रलला ओढला आणि इंजिन बंद. तिने किल्ली फिरवली, पण तोवर बोट धक्क्यावर आदळली. ठकीम्हातारी उतरायला उभीच होती, ती पुढच्या फळीवर पडली. मनगट मोडलं. जीपने दवाखान्यात नेली, प्लास्टर घातलं. सत्तरीची बाई, रडली नाही, फक्त "माझी टोपली, माझी टोपली" करत राहिली. टोपलीतली वालाची पापडी पाण्यात गेली होती.

नवशीने आधी दोर बांधला. म्हणाली, "काका, मी हळूच ओढला होता."

माझी पाळी असती तर?

२० नोव्हेंबर. मोखाडा

संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. नीता मॅडम कागदपत्रं बघतात, चांगल्या आहेत. म्हणाल्या, वरून चौकशी लागलीय, तुम्ही ज्येष्ठ आहात, तुमचं तांत्रिक मत लेखी द्या. त्यावर नवशीला ठेवायचं की काढायचं ते पंधरा डिसेंबरला ठरेल. तोपर्यंत तिने बोटीला हात लावायचा नाही.

तिथेच बसून लिहिलं, सुवाच्य अक्षरात. "चालकाने गियर अर्धवट व झटक्याने ओढल्यामुळे इंजिन बंद पडले. बोट उभी करताना मागील भाग वर उचलून ठेवण्याच्या सूचनेकडेही त्यांनी पूर्वी दुर्लक्ष केले आहे. यावरून निष्काळजीपणा दिसून येतो." दुसरं वाक्य लिहिताना थांबलो होतो. आता रोज वर करते. पण 'पूर्वी' लिहिलंय, म्हणजे खोटं नाही.

मॅडमनी वाचलं. "तुमची खात्री आहे ना, देवजीभाऊ?" म्हटलं, गियर मला कळतो.

परतीच्या जीपला फार गर्दी होती. पोशेऱ्यापर्यंत एका पायावर उभा राहिलो.

२२ नोव्हेंबर

नवशीने बोटीची तिच्याकडची किल्ली आणून दिली. मी अहवालात काय लिहिलं ते तिला कुणीतरी सांगितलं असणार, कारण तिने काहीच विचारलं नाही. मीच म्हणालो, पंधरा तारखेला बघू काय होतं ते.

"नाय झाला तर भट्टीवर जावा लागल," ती म्हणाली. "मुकादम पाड्यात येऊन गेला."

वीटभट्टीवर म्हणजे वसईकडे कुठेतरी, पावसाळ्यापर्यंत. बाळी बरोबर जाणार, शाळा सुटणार. बाळी शेजारीच उभी होती. तिने मला विचारलं, "मिस्त्रीबाबा, आता संध्याकाळी फोन कोण करल?" म्हटलं, कुणी नाही, आता मीच रोज वर करतो.

जेवण गेलं नाही. कांदा-भाकर झाकून ठेवली.

२५ नोव्हेंबर

दोन्ही पाळ्या माझ्याच. आता मुक्काम रोज अलीकडेच. दांडा जड. पाणी आठ मग. आता तर नवशी नाही धुवायला.

२७ नोव्हेंबर

आज माझ्या हातात बंद पडली. धक्का लांब होता, म्हणून निभावलं. मी पटकन ओढला असणार, दमलो होतो.

२८ नोव्हेंबर

पुन्हा. हळू ओढून बघितला. तरीही.

लॉगबुकात लिहिलं, बोट सुस्थितीत.

२ डिसेंबर

सकाळी पलीकडून निघताना दांडा पुढच्या गियरमध्ये बसला आणि तिथेच राहिला. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. इंजिन चालू म्हणजे बोट पुढे, बंद म्हणजे थांबायचं नाव नाही. धक्का पन्नास हातांवर असताना किल्ली बंद केली आणि सोम्याला पुढे बांबू घेऊन उभा केला. सोम्या पाड्यातला, मासे धरतो, पाणी त्याला कळतं. त्याने बांबू रोवून बोट थोपवली. अंगावरचा सदरा घामाने भिजला, त्याचाही आणि माझाही.

उतरताना तो म्हणाला, "मिस्त्री, नवशी नाय तरी ही अशीच करते."

सगळ्यांना ऐकू गेलं. बोट बंद ठेवतो असं सांगितलं. संध्याकाळी माणसं डोंगराच्या वाटेने घरी निघाली. शाळेची पोरं पण. तीन तास.

३ डिसेंबर

अखेर पालथा पडलो. झाकण काढलं, केबल सोडवली. दांडा हलवला तर लोण्यासारखा हलतोय. मग शेपटीकडे जाणारी केबल हाताने ओढली. ओढतो कसली, हलेचना. पकडीने धरून ओढली तर कचकन आवाज करून बोटभर सरकली.

तुषारला फोन केला. तो म्हणाला, "मग चित्र स्पष्ट आहे. तुम्ही दांडा न्यूट्रलला ओढता तेव्हा एक छोटं बटण क्षणभर इंजिनची ठिणगी तोडतं, म्हणजे गियर सहज सुटतो. केबल जड असली की ते बटण दाबलेलंच राहतं आणि इंजिन बंद पडतं. हळू ओढा नाही तर जोरात."

विचारलं, म्हणजे चालवणाऱ्याची चूक?

"चालवणाऱ्याचा काही संबंध नाही, काका. कुणाच्याही हातात बंद पडेल. आणि तुम्ही नट फिरवत राहिलात ना, त्याने दुखणं फक्त झाकलं गेलं."

मग केबल जड झाली कशाने? हिसके मारून मारूनच की. असं मी म्हणालो. तो म्हणाला, बोट पाण्याबाहेर काढा आणि शेपटीच्या सांध्यातला रबरी बूट बघा, केबल त्याच्या आतून जाते.

पंधरा तारखेला बारा दिवस आहेत. ठिणगीचं हे कुणाला तरी सांगायला हवं. आधी बूट बघतो, मग सांगतो.

५ डिसेंबर

ट्रॅक्टर आणला, पाड्यातली वीसेक माणसं आली, बोट काठावर ओढली. नवशीपण दोराला होती. कुणी बोलावलं नव्हतं तिला.

शेपटीच्या सांध्यात हाताएवढा रबरी बूट आहे, घड्याघड्यांचा. शेपटी वरखाली होते तसा तो दुमडतो आणि उलगडतो. माणसं पांगल्यावर बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. एका घडीवर चीर, चार बोटं लांब. बोटाने दाबली तर आतून लाल पाणी आलं. त्याच पाण्यात केबल गंजून फुगली होती. आणि तळाशी साचणारं पाणीही इथूनच.

तुषारला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"एवढा नवा बूट असा घडीवर फाटत नाही, काका. शेपटी वर करून ठेवता का तुम्ही? बोट उभी असताना?"

म्हटलं, रोज. एप्रिलपासून. एक दिवस चुकलो नाही.

त्याने फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाला, "पाण्यात उभी असताना खाली ठेवायची असते. खाली असली की बूट सरळ राहतो. वर केली की रात्रभर घडीत दाबून राहतो आणि मग तिथेच तडकतो. केबललाही वाक बसतो. पुस्तकात लिहिलंय, पान... थांबा, सांगतो."

पान नको म्हटलं. पुस्तक इंग्रजीत आहे. खोलीत, देवाच्या फोटोखाली ठेवलंय, प्लास्टिकसकट.

६ डिसेंबर

काही केलं नाही. धक्क्यावर बसून होतो.

मागची पानं वाचली. प्रत्येक पानावर लिहिलंय, शेपटी वर केली. तिने सांगितलं होतं, तेही माझ्याच अक्षरात लिहिलंय. खाली राहिली की दांडा हलका लागतो. दहा नोव्हेंबरला. मी लिहिलंय आणि पुढे गेलोय. तिने हातावर जाणवलेलं सांगितलं आणि मी पाय चेपायची गोष्ट केली. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

आणि अहवालात तिच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून काय लिहिलंय? ती शेपटी खाली ठेवायची, हे.

७ डिसेंबर, रविवार. साखरशेत

कमूला सगळं सांगितलं. ती नाचणी पाखडत होती. सुपातला कोंडा उडून माझ्या पायावर पडत होता. शेवटी म्हणाली, "तुम्हाला घरी यायचा नव्हता. म्हणून त्या पोरीत खोट दिसत होती."

म्हटलं, तसं नाही गं.

"मग कसा?"

मी पायावरचा कोंडा झटकला.

८ डिसेंबर. मोखाडा

नीता मॅडमना फोटो दाखवले, म्हटलं अहवाल परत द्या, दुसरा लिहितो. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "तो वर गेला, देवजीभाऊ. आणि ऐका, तुमची मुदतवाढही त्याच दिवशी, त्याच टेबलावर आहे. झीज झाली, एवढंच लिहून देऊ. तुमचं नाव नको, तिचंही नको. ती नवीन आहे, तिला पुढे कधीतरी घेता येईल."

कधीतरी म्हणजे जूनमध्ये, भट्टीवरून आल्यावर. मॅडमचा हेतू वाईट नव्हता. माझ्यावर दया करत होत्या. मी बघतो म्हणून बाहेर आलो आणि स्टँडवर दोन चहा प्यायलो, एकामागून एक. खोटं कशाला लिहू? दुसऱ्या चहाला वाटलं, झीज तर झालीच आहे. आणि एकतीस तारखेनंतर सकाळी उठून जायचं कुठे, ते अजून ठरवलेलं नाही.

१० डिसेंबर

बोट नाही. वडपाड्याला चालत गेलो. तीन तास म्हणतात, मला चार लागले. पोरं रोज हे चालतात आठवडाभर.

नवशी पातेली गोणपाटात बांधत होती. मुकादमाची गाडी सोळा तारखेला येणार. बाळीची पुस्तकं वेगळी, खाटेवर ठेवलेली, ती बरोबर न्यायची की नाही ते ठरत नसावं. मला पाणी दिलं. मी रबरी बुटाचा तुकडा खिशातून काढून तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. सगळं. शेपटी खाली ठेवायला हवी होती, हेही.

तिने तुकडा उलटसुलट करून बघितला.

"मना माहीत होता काका. का ते माहीत नव्हता, पण हाताला समजं."

म्हटलं, मग जोर देऊन बोलली का नाहीस?

"बोलले की. तुम्ही हसलात."

राग नव्हता आवाजात, असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, माझं चुकलं, नवशी. ती म्हणाली, "बसा, भाकर खा. एवढा चालून आलाव." नागलीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा. जेवलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर.

निघताना सांगितलं, गोणपाट बांधू नकोस. ती म्हणाली, "पंधरा तारखेनंतर सोडते." बरोबर आहे. माझ्या शब्दावर तिने का भांडी काढावीत?

१५ डिसेंबर. मोखाडा

टेबलापलीकडे तिघे जण. नवशी दाराशी उभी, बसायला सांगितल्यावरही उभीच. माझा जुना अहवाल वाचून दाखवला. ऐकताना माझंच सुवाच्य अक्षर डोळ्यांसमोर येत होतं.

नवा कागद मी रात्रीच लिहून ठेवला होता. दिला. मधल्या साहेबांनी वाचला आणि चष्मा काढला. "म्हणजे बोट उभी असताना भाग वर उचलून ठेवल्यामुळे हे झालं?"

हो.

"तसा आदेश कुणाचा होता?"

माझा. आधी मी स्वतः करायचो. मग यांनाही करायला लावलं. रोज फोनवर खात्री करून घेत होतो.

"आणि यांनी आधी खाली ठेवली होती, ते बरोबर होतं?"

बरोबर होतं. मी लोकांसमोर बोललो होतो त्यांना. केबल तपासायला इंजिनियरने तेरा नोव्हेंबरलाच सांगितलं होतं, तेही मी केलं नाही. केलं असतं तर ठकीबाईचं मनगट मोडलं नसतं.

"मग या बाईंची चूक काय?"

मी म्हटलं, माझं ऐकलं, एवढीच.

बाहेर तासभर बाकावर बसवलं. मी एका टोकाला, नवशी दुसऱ्या. मग नीता मॅडम आल्या. नवशी राहणार, बोट दुरुस्त झाल्यावर पूर्ण वेळ चालक तीच. माझी मुदत वाढवलेली नाही. मॅडम मान खाली घालून सांगत होत्या. मी म्हटलं, बरोबर केलंत, मॅडम. आणि खरंच तसं वाटलं, निदान जीपमध्ये बसेपर्यंत.

१९ डिसेंबर

बूट आणि केबल एसटीच्या पार्सलने जव्हारला आली, मीच जाऊन आणली. डेपोतल्या पोरांनी विचारलं, काय काका, अजून हात काळेच?

दिवसभर बसवायचं काम. शेपटी उतरवायला सहा माणसं लागली. नवी केबल बुटातून आत घालायची जागा एवढीशी की माझा हात शिरत नव्हता. नवशीचा शिरला. मी बाहेरून सांगत होतो, ती आतून, "आली... आली... अडकली... आली." नट कसा मोजून बसवायचा ते दाखवलं. तिने स्वतः खोलून पुन्हा बसवला, न सांगता. या वेळी मी मध्ये बोललो नाही.

पाण्यात सोडली. पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल. वीस वेळा. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. काठावरून सोम्याने शिट्टी मारली.

३१ डिसेंबर

शेवटचा दिवस. ट्रंक, गादी आणि ही वही घेऊन निघालो. शेवटची फेरी बोटीत बसून करायची होती, माणसांत. कधी बसलो नव्हतो.

ठकीम्हातारी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन शेजारी होती. मी दोनदा मागे वळून दांड्याकडे बघितलं तर म्हणाली, "मिस्त्री, पुढं बघा की. नेते ती." मग पुढे बघितलं. पाण्यावर ऊन होतं, डोंगर खाली उतरल्यासारखे पाण्यात दिसत होते. आठ महिने रोज गेलो-आलो, पण माझं लक्ष सगळं आवाजाकडे असायचं.

अलीकडचा धक्का आला. बोट टायरला टेकली ते कळलं नाही. बाळी दप्तर घेऊन उडी मारून उतरली. नवशीने दोर बांधला आणि माझा हात, मेला, सवयीने शेपटीच्या बटणाकडे गेला. बटणाजवळ पोचल्यावर मलाच कळलं. तिने बघितलं होतं. माझी ट्रंक उचलून धक्क्यावर ठेवली.

३ जानेवारी २०२६. साखरशेत

तीन दिवस काय करतो ते लिहिण्यासारखं नाही. कोंबडी हाकलतो.

संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. कमूने आणून दिला.

"खाली ठेवली, काका."

म्हटलं, नवशी, आता सांगायची गरज नाही गं. मी नाही आता तिथे.

"मना माहीत आहे," ती म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता, आणि बाळी कुणाला तरी हाका मारत होती.

मग मी म्हणालो, "बरं केलंस." एप्रिलपासून रोज तिच्याशी बोलत होतो, पण हे तिला पहिल्यांदा म्हणालो. तिने नेहमीसारखा लगेच फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कमू दारात उभी राहून बघत होती.

उद्या करील की नाही, माहीत नाही. संध्याकाळच्या आधी फोन चार्ज करून ठेवायचा, एवढं लिहून ठेवतो.